डॉ. होमी भाभा आणि त्यांची बुधवारची ज्ञानसभा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्त्या स्त्रीपुरुषांचा परिचय दिला जातो आणि ते योग्यच आहे. पूर्वसूरींची ओळख पुढील पिढीस करून देणे हे कोणत्याही ज्ञातिसंस्थेचे पहिले कर्तव्य होय. परंतु थोरांचे थोरपण एका ज्ञातीच्या कुंपणात मावत नाही. म्हणून ज्यांचा जन्म पारशी समाजात झाला, परंतु ज्यांच्या कार्याचे फळ आपल्या वऱ्हाडातील शेतापर्यंत पोचले, अशा डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. भारताच्या अणुशक्तिकार्याचे जनक म्हणून त्यांचे नाव शाळकरी मुलांसही ठाऊक असते. त्यांच्या कार्याचे दुसरे एक अंग मात्र फारसे कोणी सांगत नाही. विद्वानाने आपले ज्ञान चारचौघांत उभे राहून मांडावे, इतरांनी त्यास निःसंकोच प्रश्न विचारावेत आणि त्यातून सर्वांचेच ज्ञान वाढावे, ही रीत त्यांनी आपल्या संस्थेत रुजविली. प्रस्तुत लेखात आमचा भर त्याच अंगावर राहील.

होमी भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईस झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे वरिष्ठ अधिकारी होते. वडील जहांगीर हे विलायतेत शिकून आलेले कायदेपंडित. आत्या मेहेरबाई ह्या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरी ग्रंथांची आणि संगीताची श्रीमंती होती, आणि चित्रकलेचा व संगीताचा जो छंद होमींस बालपणी जडला तो अखेरपर्यंत सुटला नाही. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील शिक्षण आटोपून ते १९२७ साली केंब्रिजला गेले. मुलाने यंत्रशास्त्राची पदवी घ्यावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हावे, अशी वडीलमंडळींची इच्छा होती. मुलाचे मन मात्र पदार्थविज्ञानाकडे ओढ घेत होते आणि त्याने ते वडिलांस पत्राने स्पष्ट कळविले. वडिलांनी रागावून नकार दिला नाही, की लगेच होकारही दिला नाही. आधी यंत्रशास्त्रात पहिला वर्ग मिळव, मग गणिताच्या शिक्षणाचा खर्च आम्ही करू, असा तोडगा त्यांनी काढला. १९३० साली मुलाने पहिला वर्ग मिळविला आणि वडिलांनी शब्द पाळला. मुलांच्या शिक्षणाची दिशा ठरविताना घरोघरी जे खटके उडतात, त्यांच्या संदर्भात हा प्रसंग पालकांनी ध्यानी घेण्यासारखा आहे.

केंब्रिज त्या वेळी अणुविज्ञानाची काशीच होती. रदरफोर्ड, डिरॅक, चॅडविक यांच्यासारखे महारथी तेथे वावरत होते. पुढे भाभांनी झुरिकला पाउली यांच्यापाशी, रोमला फर्मी यांच्यापाशी आणि कोपनहेगनला नील्स बोर यांच्या संस्थेत काही काळ काढला. ह्या ठिकाणी एक गोष्ट सर्वत्र समान होती. तेथे ज्ञान केवळ पुस्तकात नव्हते, ते चर्चेत होते. नवी कल्पना सुचलेला तरुण फळ्याजवळ उभा राही आणि नोबेल पारितोषिक मिळविलेले आचार्यही समोर बसून त्याची उलटतपासणी करीत. वयाचा वा पदाचा मान त्या घटकेपुरता बाजूस ठेवला जाई. ह्याच वातावरणात भाभांची बुद्धी तयार झाली. आकाशातून येणारा विश्वकिरणांतील एखादा वेगवान कण वातावरणात शिरला की एकातून अनेक कणांचा वर्षाव कसा होतो, ह्याची गणिती उपपत्ती त्यांनी हाइटलर यांच्यासह १९३७ साली मांडली. एका दाण्यातून कणीस उभे राहावे तसाच हा प्रकार. ह्या कार्याने त्यांचे नाव जगभर झाले.

१९३९ साली ते सुटीसाठी मायदेशी आले आणि महायुद्ध पेटल्यामुळे येथेच राहिले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या विभागात त्यांस प्रपाठकाची जागा मिळाली. येथे थोडे मागे जाणे अवश्य आहे. विज्ञान सर्वांसमक्ष बोलून वाढवावे ही कल्पना आपल्या देशात अगदीच नवी नव्हती. कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकांकडून वर्गण्या गोळा करून एक विज्ञानसंस्था उभारली होती. फादर लाफाँ यांच्यासारखे विद्वान तेथे प्रयोग करून दाखवीत आणि जाहीर व्याख्याने देत. त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत रामन यांनी १९२८ साली आपला जगप्रसिद्ध शोध लावला. म्हणजे बंगळूरला भाभा ज्यांच्या सान्निध्यात आले, ते रामन स्वतःच व्याख्यानांतून उभ्या राहिलेल्या एका संस्थेचे फळ होते.

१९४१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, भाभा लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासद झाले. परदेशांतील विद्यापीठांची दारे त्यांस उघडी होती. परंतु आपल्या देशात उत्तम दर्जाची संशोधनसंस्था नाही, ती उभी करणे हेच आपले काम, असा त्यांचा निश्चय झाला. १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी टाटा विश्वस्तांस पत्र लिहून अशा संस्थेची योजना मांडली. अणुशक्तीपासून वीज निर्माण होण्याचे दिवस येतील तेव्हा भारतास तज्ज्ञांसाठी परक्या देशांकडे पाहावे लागू नये, हा त्यातील मुख्य आशय होता. हिरोशिमावर अणुबाँब पडण्याच्या पूर्वीचे हे पत्र आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येते.

१९४५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्था बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबईस पेडर रोडवरील केनिलवर्थ नावाच्या बंगल्यातील भाड्याच्या जागेत आली. १९४९ साली ती गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबच्या इमारतीत गेली, आणि कुलाब्याच्या समुद्रकाठी बांधलेल्या तिच्या स्वतःच्या वास्तूचे उद्घाटन १५ जानेवारी १९६२ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाले. इमारती अशा बदलत गेल्या, परंतु एक नेम टिकला. दर बुधवारी दुपारी संस्थेत सर्वांसाठी एक व्याख्यान होई. गणिती असो, विश्वकिरणांचा अभ्यासक असो, गणकयंत्र बांधणारा असो, की पुढे जीवशास्त्राकडे वळलेला असो, सर्वांनी एकत्र बसून एका विषयाचे विवेचन ऐकावयाचे आणि मग शंका विचारावयाच्या, असा तो परिपाठ. श्रोते निरनिराळ्या शास्त्रांचे असल्यामुळे वक्त्यास आपल्या विषयाची परिभाषा बाजूस ठेवून मूळ गाभा सोपा करून सांगावा लागे. ज्यास विषय खरोखर समजला आहे, त्यासच तो दुसऱ्या शास्त्राच्या माणसास समजावता येतो. शिक्षकाच्या पेशात आयुष्य घालविलेल्या आमच्यासारख्यास ह्या कसोटीचे मोल सांगावयास नको.

भाभांवरील जबाबदाऱ्या त्या काळात वाढतच होत्या. १९४८ साली ते अणुशक्ती मंडळाचे अध्यक्ष झाले, १९५४ साली भारत सरकारचे सचिव झाले, १९५५ च्या ऑगस्टमध्ये जिनीव्हा येथे अणुशक्तीच्या शांततामय उपयोगासंबंधी भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले, आणि ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे अप्सरा ही अणुभट्टी सुरू झाली. दिल्ली व मुंबई ह्यांच्यामध्ये त्यांची सारखी ये-जा चाले. तरीही मुंबईत असताना बुधवारचे व्याख्यान ते शक्यतो चुकवीत नसत. पुढल्या रांगेत बसून, ते मनापासून ऐकत आणि प्रश्न विचारीत. संस्थेचा मुख्यच श्रोता होऊन बसतो हे पाहिल्यावर तरुणांस निराळा उपदेश करण्याची गरज उरत नाही.

ह्या सभेची दारे बाहेरच्या जगासही उघडी होती. १९५० च्या डिसेंबरात मूलकणांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद संस्थेने मुंबईत भरविली. १९५६ साली गणितातील झीटा फलनांवर आंतरराष्ट्रीय विद्वत्सभा झाली, आणि तेव्हापासून दर चार वर्षांनी अशी सभा भरविण्याचा प्रघात पडला. गणित विभागाचे प्रमुख चंद्रशेखरन यांनी जर्मनीचे सीगेल, फ्रान्सचे श्वार्ट्झ अशा दिग्गजांस व्याख्यानांसाठी पाचारण केले. ते शिकवीत असता संस्थेतील विशीबाविशीचे तरुण टिपणे घेत, ती नीटनेटकी करीत आणि संस्था त्यांच्या पुस्तिका छापीत. नुसते ऐकून सोडून न देता ऐकलेले स्वतः लिहून काढणे, ह्या साध्या शिस्तीतून भारतात गणितज्ञांची एक नवी पिढी तयार झाली. आज त्या पुस्तिका जगभरचे विद्यार्थी वाचतात.

माणसे निवडण्याची भाभांची रीतही ह्याच विचाराशी जुळणारी होती. आधी जागा मंजूर करावयाची आणि मग ती भरण्यासाठी माणूस शोधावयाचा, हे त्यांस पसंत नव्हते. आधी गुणी माणूस हेरावयाचा आणि मग त्याच्या भोवती विभाग वाढू द्यावयाचा, ही त्यांची पद्धत. तो कोणत्या प्रांताचा, कोणत्या धर्माचा वा कोणत्या ज्ञातीचा, हा प्रश्न तेथे गौण होता. ज्ञातिसंस्थेच्या अंकात ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करीत आहोत. आपण परस्परांस हात देण्यासाठी एकत्र येतो, हे चांगलेच आहे. परंतु हात धरून उंबऱ्यापर्यंत नेता येते. फळ्यासमोर ज्याला त्याला स्वतःच्याच पायांवर उभे राहावे लागते.

७ जानेवारी १९६६ रोजी मुंबईत जगातील विज्ञानसंघटनांच्या मंडळापुढे भाभांनी विज्ञान आणि विकासाचे प्रश्न ह्या विषयावर व्याख्यान दिले. परक्यांची यंत्रे आणून देश पुढे जात नाही, विज्ञान आपल्या मातीत रुजवावे लागते, हा आपल्या साऱ्या आयुष्याचा अनुभव त्यांनी तेथे मांडला. त्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, व्हिएन्नाच्या बैठकीस निघालेल्या त्यांच्या विमानास आल्प्स पर्वतातील माँ ब्लाँ शिखराजवळ अपघात झाला आणि हा विज्ञानयोगी वयाच्या छपन्नाव्या वर्षी काळाच्या पडद्याआड गेला. १९६७ साली तुर्भे येथील संशोधनकेंद्रास त्यांचे नाव देण्यात आले.

कार्य मात्र थांबले नाही. बुधवारच्या सभेचा वारसा संस्थेने पुढे चालविला. २००९ साली संस्थेने चहाच्या पेल्यासोबत सामान्य नागरिकांशी विज्ञानावर गप्पा मारण्याचा उपक्रम सुरू केला, आणि जुहूच्या पृथ्वी थिएटरात लहान मुलेही शास्त्रज्ञांस प्रश्न विचारू लागली.

मुंबईच्या ह्या सभांचा आमच्या कारंजा तालुक्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. उडदाचे टीएयू-१ हे वाण वऱ्हाडातील शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. त्यातील टी म्हणजे ट्रॉम्बे, अर्थात तुर्भे, ए म्हणजे अकोला आणि यू म्हणजे उडीद. भाभांच्या नावाने ओळखले जाणारे अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ ह्यांनी मिळून ते तयार केले, आणि १९८५ साली ते महाराष्ट्रासाठी प्रसृत झाले. किरणांच्या योगे बियाण्यात बदल घडवून मिळविलेल्या वाणाचा संकर करून ते सिद्ध झाले. त्या वेळी आपला भागही अकोला जिल्ह्यातच होता. वाशीम जिल्हा निराळा झाला तो १९९८ साली. तुर्भे आणि अकोला येथील शास्त्रज्ञ एकमेकांशी बोलले नसते, तर ते बी आपल्या तिफणीपर्यंत आले नसते.

आता आपल्या घरचे पाहू. वर्गात समजले का असे विचारताच सारी मुले एका सुरात होय म्हणतात. हे आम्ही वर्षानुवर्षे ऐकले आहे. त्यातील किती होकार खरे आणि किती भिडेचे, हे प्रत्येक शिक्षक जाणतो. आपल्या वार्षिक मेळाव्यातही गुणवंतांस शाल, श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र देऊन आपण टाळ्या वाजवितो. परंतु त्या मुलाने काय शिकले हे त्याच्या तोंडून कोणी ऐकत नाही. आमची मंडळास नम्र सूचना अशी की, मेळाव्यातील एक तास एखाद्या विद्यार्थ्यासाठी वा विद्यार्थिनीसाठी राखून ठेवावा. तिने वा त्याने आपल्या अभ्यासाचा एक विषय सर्वांस कळेल अशा मराठीत मांडावा, मातांनी व शेतकरी बांधवांनी प्रश्न विचारावेत, आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी पुढल्या रांगेत बसून ते ऐकावेत. ह्यास ना मोठी इमारत लागते, ना मोठी देणगी. डॉ. भाभांची संस्थाही भाड्याच्या जागेतच सुरू झाली होती.