भास्करबुवा बखले : तबकडीमागचे गुरू

गायनाचार्य भास्करबुवा बखले यांचा जन्म १८६९ साली बडोदे संस्थानातील कठोर या गावी झाला. किर्लोस्कर मंडळीत बालनट म्हणून ते गाजले. पण वयात येताना आवाज फुटला आणि नाटक सुटले. मग बडोद्यात फैजमहंमद खाँ, पुढे नत्थन खाँ व अल्लादिया खाँ यांच्याकडे त्यांनी तालीम घेतली. १९१६च्या 'स्वयंवर' नाटकाला चाली त्यांच्याच. १९२२ साली बुवा गेले. त्यांच्या स्वतःच्या गाण्याची तबकडी आज उपलब्ध नाही. म्हणून शिष्य बालगंधर्वांच्या 'स्वयंवर'च्या तबकड्या ऐकताना नुसत्या गोडव्यावर थांबू नये. जेमतेम तीन मिनिटांत राग कसा उभा राहतो, शब्द न मोडता तान समेवर कशी येते, तिकडे कान द्यावा. बुवांची विद्या तिथेच भेटते.