अब्राहम लिंकन आणि आमचा कापूस

शेलूच्या शिवारांतून जाणारा लोहमार्ग १८५६ सालीं खोपोलीपर्यंत सुरू झाला व १८६३ सालीं बोरघाटांतील मार्गहि खुला झाला. त्याच दिवसांत ह्या वाटेनें देशावरचा कापूस मुंबईस उतरूं लागला आणि त्यास सोन्याचा भाव आला. हा भाव अमेरिकेंतील यादवीमुळें आला होता, आणि त्या यादवीचें ओझें ज्यानें वाहिलें तो पुरुष म्हणजे अध्यक्ष अब्राहम लिंकन.

लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ रोजीं केंटकी प्रांतीं एका लाकडी खोपटांत झाला. शाळा त्यास पुरतें एक वर्षहि लाभली नाहीं. त्यानें कुऱ्हाड चालविली, नावेवर मजुरी केली, भागीदारीनें दुकान घातलें. दुकान बुडालें, भागीदार वारला. तेव्हां त्याच्या वांट्याचें कर्जहि लिंकननें कित्येक वर्षें राबून फेडलें. आमच्या व्यापारी वाचकांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. पुढें घरींच कायदा वाचून तो वकील झाला, आणि १८६० सालीं अध्यक्ष निवडला गेला.

४ मार्च १८६१ रोजीं त्यानें सूत्रें हातीं घेतलीं, त्यापूर्वींच दक्षिणेचीं सात राज्यें फुटलीं होतीं. एप्रिलांत युद्ध पेटलें. उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें अडविलीं, मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना, आणि मुंबईचें दैव उघडलें.

लिंकननें आरंभींच गुलामगिरी मोडण्याचा विडा उचलला होता, असें समजणें चूक होय. ती त्यास अन्याय्य वाटे. तथापि देश एक राखणें हें त्यानें पहिलें कर्तव्य मानिलें. १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्यानेंहि बंडखोर मुलुखांतीलच गुलाम मुक्त ठरले. परंतु तो तेथें थांबला नाहीं. १८६५ च्या जानेवारींत त्यानें खटपट करून राज्यघटनेची तेरावी दुरुस्ती प्रतिनिधिसभेकडून मंजूर करविली. ९ एप्रिलला जनरल ली शरण आला; १४ एप्रिलला नाटकगृहांत लिंकनवर गोळी झाडण्यांत आली व दुसऱ्या दिवशीं त्याचा अंत झाला. सहा लाखांवर सैनिकांचे प्राण गेले, पण सुमारें चाळीस लाख माणसें विक्रीचा माल राहिलीं नाहींत.

तह झाल्याची वार्ता येतांच मुंबईस कापूस कोसळला. बॅकबेच्या शेअरांना कोणी विचारीना, आणि मोठमोठ्या पेढ्या बसल्या. त्याच इतिहासांतून जोतीराव फुले ह्यांनीं न बुडणारा नफा काढिला: १८७३ सालीं आपला ‘गुलामगिरी’ ग्रंथ त्यांनीं गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन सज्जनांस अर्पण केला.

लिंकनच्या मागें मात्र एक कटु अनुभव आला. मुक्त झालेल्या काळ्या शेतकऱ्यांस सावकारी कर्जानें व भेदाच्या कायद्यांनीं पुन्हा जखडलें, आणि १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा होण्यास जवळजवळ शंभर वर्षें लोटलीं. बेडी कायद्यानें तुटते. पण कर्ज ती पुन्हा घडवितें. आमच्याकडेहि वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालीं झाला. तरी कर्जत-खालापूरच्या वाड्यांतील अनेक कातकरी कुटुंबें उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, आणि ती फिटली कीं नाहीं हें मालकाची वही सांगेल तेंच खरें होतें. ही वही मजुरास वाचून दाखवावी, त्याची मजुरी त्याच्या हातावर ठेवावी, एवढें करण्यास यादवी युद्ध लागत नाहीं. मयत भागीदाराचें देणें फेडणाऱ्या दुकानदाराचें चरित्र आवडीनें वाचणाऱ्यांनीं निदान जिवंत मजुराचें देणें बुडवूं नये.