अहिंसेचे उपासक पंडित धर्मानंद कोसंबी

पंडित धर्मानंद कोसंबी यांचा जन्म दि. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी झाला. बुद्धाच्या उपदेशाच्या ओढीने त्यांनी घर सोडले. श्रीलंकेत पाली भाषा शिकून ते पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठापर्यंत पोहोचले. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी कारावासही भोगला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचा 'भगवान बुद्ध' हा ग्रंथ मराठीत आला. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय या शेजाऱ्यांत कलह होई. आप्तांवर शस्त्र उगारणे नको, म्हणून सिद्धार्थाने गृहत्याग केला, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. पाण्याचे मोल जाणणाऱ्या आपल्या भागातील वाचकांना हा विचार सहज भिडेल.

त्यांच्या काही मतांबद्दल जैन समाजात नाराजीही होती. तथापि 'पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म' या ग्रंथात त्यांनी अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार यामांचा मनःपूर्वक गौरव केला. त्यास स्नेही काकासाहेब कालेलकर यांची प्रस्तावना लाभली.

१९४६ मध्ये त्यांनी आमरण अनशन आरंभले, ते महात्मा गांधींच्या आग्रहाखातर सोडले. पुढे सेवाग्राम येथे पुन्हा अनशन स्वीकारले, तेव्हा दूर असलेले गांधीजी पत्रांद्वारे त्यांची विचारपूस करीत. दि. ४ जून १९४७ रोजी धर्मानंदांनी शांतपणे देह ठेवला. स्नेह्याच्या लेखनाला बळ देणारे आणि प्रसंगी त्याला प्रेमाने थांबवणारे असे मित्र त्यांना लाभले. युद्धाच्या काळात अहिंसेची लेखणी अशाच स्नेहावर टिकून राहिली.

या ज्ञानतपस्व्यास विनम्र अभिवादन!