चेहरा नसलेली आई

फायनल इयरचा प्रोजेक्ट म्हणजे काय प्रकार असतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको! आमचा विषय होता चित्र ओळखणारं न्यूरल नेटवर्क. फोटोंवर ते झक्कास चालायचं. एका रात्री रूम पार्टनरने गंमत म्हणून चार-पाच जाड रेघांत हुसेन यांच्या धर्तीचा घोडा काढला. नेटवर्कचं उत्तर आलं, झेब्रा! दुसऱ्या दिवशी मेसच्या मावशींना तोच कागद दाखवला, तर भाकरी थापता थापताच त्यांनी घोडा ओळखला.

पण खरी लाज वाटली ती पुढेच. मकबूल फिदा हुसेन आपल्याच सोलापूर जिल्ह्यातले, पंढरपूरचे, हे मला ठाऊकच नव्हतं! मग प्रोजेक्ट बाजूला ठेवून त्यांच्याबद्दल वाचत बसलो.

जन्म १९१५ चा. दीड वर्षाचे असतानाच आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड इंदूरला गेलं. तिथे मोहरमच्या मिरवणुकीत दिसलेला दुलदुल घोडा पोराच्या डोक्यात कायमचा बसला. तरुणपणी मुंबई गाठली. सिनेमाची भलीमोठी पोस्टर्स रंगवून पोट भरलं, खेळण्यांची डिझाइन्स केली. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये आले आणि मग मागे वळून पाहिलं नाही. १९६७ मध्ये त्यांच्या लघुपटाला बर्लिनला गोल्डन बेअर मिळालं, १९९१ मध्ये पद्मविभूषण. पुढे देवतांच्या चित्रांवरून वाद आणि खटले झाले, २००६ मध्ये देश सुटला, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये डोळे मिटले. पंढरपूरचा माणूस, माती मिळाली परदेशात.

या सगळ्यात एक गोष्ट मला चटका लावून गेली. आईचा एकही फोटो त्यांच्याकडे नव्हता. चेहरा आठवत नव्हता. म्हणूनच त्यांच्या कितीतरी बायकांना चेहरा नाही. मदर तेरेसांची चित्रं बघा. पांढरी साडी, निळे काठ, मांडीवर लेकरू, आणि चेहऱ्याच्या जागी नुसता अंधार. तरी आपल्याला क्षणात कळतं.

मग यंत्राला का कळत नाही? जर्मनीतल्या ट्युबिंगेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांजराच्या आकारावर हत्तीची कातडी चढवली. माणसांनी मांजर म्हटलं, नेटवर्कने हत्ती! म्हणजे ही नेटवर्क्स आकारापेक्षा पोत जास्त बघतात. रेघेला कसला आलाय पोत? रेझनेट-१०१ हे गाजलेलं नेटवर्क इमेजनेटच्या फोटोंवर ७६.२ टक्के बरोबर येतं, पण त्याच १००० प्रकारांच्या रेखाचित्रांवर फक्त २५.२ टक्के. २०२१ मध्ये आलेलं क्लिप फोटोंवर तेवढंच, पण रेखाचित्रांवर ६०.२ टक्के. कारण ते इंटरनेटवरच्या ४० कोटी चित्र-मजकूर जोड्यांवर शिकलं. त्यात नुसते फोटो नव्हते, चित्रंही होती. पाहिलं तेवढंच कळतं, दुसरं काय!

आम्हीही मग शंभर रेखाचित्रं जमवून आमचं नेटवर्क तपासलं. निकाल फारच वाईट. मार्क जातील, तो तक्ता गाळू या, असं ग्रुपमध्ये एकाने सुचवलं. बरीच वादावादी झाली. शेवटी तक्ता रिपोर्टात ठेवला. मार्क थोडे गेलेच! पण झोप नीट लागली.

आमच्या नेटवर्कला फोटो नसेल तर आईसुद्धा कळणार नाही. त्या माणसाकडे फोटो नव्हता, म्हणून तो जन्मभर आई काढत राहिला. आता पंढरपूरच्या एसटीत बसलो की विठोबाबरोबर त्या दीड वर्षाच्या पोराचीही आठवण येते.