वस्तुचित्राच्या तासाला धुरंधर मास्तर आठवतात

धाराशिव : इलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा जवळ आल्या की कळंब, भूम, परंडा, लोहारा, कुठल्याही तालुक्यातल्या शाळेत सारखंच चित्र दिसतं. टेबलावर एक तांब्या, शेजारी दोन-तीन वांगी, मागं सोडलेला टॉवेल आणि समोर मांडीवर पॅड घेऊन बसलेली पोरं. एक डोळा झाकायचा, हात लांब करायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत तांब्याची उंची मोजायची. बहुतेकांचं लक्ष दहावीच्या वाढीव गुणांवर असतं, त्यात गैर काही नाही. मलाही इंटरमिजिएटला सी ग्रेडच मिळाली होती, तेव्हा मी कोणाला काय बोलणार!

पण या तांब्या-वांग्यांतूनच घडलेला एक मोठा माणूस आपल्या पोरांना माहीत असावा. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर.

जन्म १८ मार्च १८६७, कोल्हापूरचा. शाळाही तिथंच झाली. चित्रकलेचं वेड लहानपणापासून. १८९० च्या जानेवारीत ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले, तेव्हा वय बावीस. १८५७ साली सुरू झालेली ही शाळा मुळात कारागिरी आणि नक्षीकाम सुधारावं म्हणून काढलेली. प्रमुख होते जॉन ग्रिफिथ्स. १८७२ पासून पुढची काही वर्षं याच ग्रिफिथ्स साहेबांनी जे. जे.च्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भिंतींवरची चित्रं उतरवून काढली होती. अजिंठा आणि आपला जिल्हा तेव्हा एकाच राज्यात, निजामाच्या.

शिक्षण कसं होतं? आजच्या पोराला कंटाळा येईल असं. आधी कागदावरचे नमुने पाहून रेषा काढायच्या. मग प्लास्टरचे पांढरेशुभ्र ग्रीक पुतळे पुढ्यात. पुतळा पांढरा का, तर रंग मध्ये येत नाही, नुसता उजेड आणि सावली दिसते. नाकाखालची सावली गालावरच्या सावलीपेक्षा किती गडद, हे पेन्सिलीनं दाखवायचं. हात बसला की जिवंत माणूस समोर बसणार. पेन्सिलीची चूक खोडरबरानं जाते. शाईची जात नाही, म्हणून शाईचा टाक हातात घेण्याआधी रेष मनात पक्की व्हावी लागते.

धुरंधर यात रमले. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं आणि १८९६ मध्ये ज्या शाळेत शिकले तिथंच ते मास्तर झाले. घरात मात्र सुख टिकलं नाही. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी बापूबाई गेली. पुढं गंगूबाईंशी लग्न झालं.

मास्तर झाले म्हणून पेन्सिल खाली ठेवली नाही, ही त्यांची खरी गोष्ट. घरातली बाई काम करताना, बाजारातली माणसं, लग्नातली धांदल, जे दिसेल ते कागदावर. अशी रेखाटनं हजारोंनी केली. म्हणूनच त्यांच्या चित्रातली गर्दी नुसती गर्दी वाटत नाही. कोण पदर सावरतंय, कोण मान वळवून बघतंय, हे कळतं. १९१४ साली किंकेड या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या व्रतांच्या कहाण्या इंग्रजीत छापल्या, त्याची चित्रं धुरंधरांची. आपल्याकडं श्रावणात आज्या सांगायच्या त्याच कहाण्या. मुंबईतल्या नाना तऱ्हेच्या माणसांची पोस्टकार्डंही त्यांनी काढली. पोस्टकार्ड म्हणजे हलकं काम, असं त्यांनी मानलं नाही. मला तर मोठ्या तैलचित्रांपेक्षा त्यांची ही लहान कामंच जास्त आवडतात. मूळ चित्रं बघायची असतील तर सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या संग्रहालयात जावं, शाळेची सहल तिकडं न्यायलाही हरकत नाही.

१९३० मध्ये ते जे. जे.चे हंगामी संचालक झाले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय, तेही चाळीस वर्षं त्याच इमारतीत काढल्यावर आणि हंगामीच! १९३१ ला निवृत्त झाले. १९४० साली 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या नावानं त्यांनी आपल्या आठवणी मराठीत लिहिल्या. १ जून १९४४ रोजी ते गेले.

मुलगी अंबिका हिला त्यांनी चित्रकला शिकवली, जे. जे.त पाठवलं. त्या काळी मुलींना तिथं पाठवणारी घरं थोडीच. १९३१ साली, वडील निवृत्त झाले त्याच वर्षी, तिनं तिथली पदविका मिळवली. पुढं तिनंही आत्मचरित्र लिहिलं. त्याचं नाव 'माझी स्मरणचित्रे'. ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या पोरांना हा शब्द चांगलाच ओळखीचा आहे, स्मरणचित्राचा पेपर त्यांनाही असतोच.