ऑलिव्हर हेव्हिसाइड

शाळा सुटली म्हणजे विद्याही सुटते, असे मानणाऱ्याने हेव्हिसाइड ह्यांचे चरित्र अवश्य वाचावे.

त्यांचा जन्म १८ मे १८५० रोजी लंडन शहरी एका गरीब कुटुंबात झाला. बालपणीच्या एका ज्वरामुळे त्यांस कमी ऐकू येऊ लागले. सोळाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. मावशीचे यजमान चार्ल्स व्हीटस्टन हे तारायंत्रविद्येतील नामांकित पुरुष होते. ऑलिव्हरही तारायंत्राच्याच कामास लागले. पुढे मॅक्सवेल ह्यांचा १८७३ साली निघालेला विद्युच्चुंबकत्वावरील ग्रंथ त्यांच्या हाती पडला. त्यातील गणित प्रथम उमगेना. परंतु ग्रंथ मिटून न ठेवता, १८७४ साली नोकरी सोडून ते घरीच अध्ययन करीत राहिले. अखेर मॅक्सवेल ह्यांच्या वीस समीकरणांचा मथितार्थ त्यांनी चार समीकरणांत आणला. आज महाविद्यालयांत शिकवितात ती हीच होत.

ह्याच व्यासंगातून १८८५ साली त्यांनी एक नवल उलगडले. दिशा पालटणारा विद्युत्प्रवाह तारेच्या सर्व जाडीतून सारखा वाहत नाही. तो पृष्ठभागाकडून आत शिरतो. दिशा फार जलद पालटू लागली, की गाभ्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्यास माघारी फिरावे लागते. मग गाभा जवळजवळ रिकामा राहतो आणि तारेचा रोध वाढतो. कोयनेच्या विजेची आवर्तने सेकंदास ५० असतात. एवढ्या गतीस तांब्यातील प्रवाह मुख्यत्वे सुमारे ९ मिलिमीटर खोलीपर्यंत असतो. सांगलीस १९६३ साली आकाशवाणी केंद्र निघाले. तेथे लागणाऱ्या प्रवाहाची आवर्तने मात्र लक्षावधी. आवर्तने दहा लक्ष झाली, की हीच खोली मिलिमीटरच्या पंधराव्या हिश्श्यावर येते! म्हणून अशा कामी भरीव दांड्याऐवजी पोकळ नळीही चालते.

१८८७ साली दूरध्वनीच्या तारांविषयीचे त्यांचे विचार टपालखात्यातील वजनदार अधिकारी विल्यम प्रीस ह्यांस रुचले नाहीत, व त्यांच्या प्रसिद्धीस अडथळा आला. तारेत स्वयंप्रवर्तन वाढविल्यास आवाज अधिक स्पष्ट पोहोचेल, असे हेव्हिसाइड ह्यांचे म्हणणे होते. लांब तारांवर ठिकठिकाणी वेटोळी बसविल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी ते खरे ठरले. धन मात्र इतरांस मिळाले. १८९१ साली रॉयल सोसायटीने त्यांस सभासदत्व दिले. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी ते निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, त्यांच्यापाशी ना पदवी होती, ना प्रयोगशाळा. न समजलेले पुस्तक पुन्हा उघडण्याची चिकाटी तेवढी होती. आणि ती कोणासही मिळविता येते.