दुःसाहसी चार्ल्स : बर्गंडीच्या सत्तेचा उदयास्त

पराक्रमी पुरुषांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा त्यांच्या विजयांसाठी. परंतु काही चरित्रे अशी असतात की, त्यांतील पराजयच अधिक बोधप्रद ठरतात. पंधराव्या शतकात युरोप खंडात होऊन गेलेला बर्गंडीचा ड्यूक चार्ल्स याचे चरित्र या दुसऱ्या प्रकारात मोडते. ड्यूक म्हणजे राजाच्या खालोखाल मान असलेला मांडलिक. परंतु हा मांडलिक असा की, वैभवात, सैन्यात व द्रव्यबळात त्याने कित्येक राजांना खाली पाहावयास लावले. आणि तरीही गादीवर आल्यापासून दहा वर्षे पुरी होण्याच्या आत त्याचे प्रेत गोठलेल्या पाण्याकाठी उघडेनागडे सापडले. इंग्रज इतिहासकार त्यास 'धाडसी' म्हणतात. फ्रेंच इतिहासकार 'अविचारी' या अर्थाचे विशेषण लावतात. या दोन विशेषणांमधील अंतर किती थोडे असते, हे त्याच्या आयुष्यावरून चांगलेच कळते.

चार्ल्सचा जन्म नोव्हेंबर १४३३ मध्ये बर्गंडीची राजधानी दीझों येथे झाला. त्याच्या पणजोबास १३६३ साली बर्गंडीची जहागीर आपल्या पित्याकडून, फ्रान्सच्या राजाकडून, मिळाली होती. पुढे विवाह, वारसा, खरेदी व युद्ध अशा सर्व मार्गांनी तीन पिढ्यांनी ही दौलत वाढविली. चार्ल्सचा पिता फिलिप, ज्यास लोक 'सज्जन फिलिप' म्हणत, त्याच्या काळी फ्लँडर्स, ब्रबंट, हॉलंड इत्यादी संपन्न प्रांत या घराण्याच्या छत्राखाली आले होते. ब्रूज व गेंट येथील विणकर आणि व्यापारी यांच्या करातून येणारा पैसा हीच या सत्तेची खरी ताकद होती. फिलिप हा सावध, हसतमुख व वेळ ओळखून वागणारा पुरुष होता. मुलगा मात्र निराळ्या धातूचा निपजला.

चार्ल्सच्या ठिकाणी गुण नव्हते असे मुळीच नाही. तो कमालीचा उद्योगी होता. मद्यात पाणी मिसळून घेई, ख्यालीखुशालीस भुलत नसे. त्यास संगीताची आवड होती व तो स्वतः गीतरचनाही करी. सिकंदर व सीझर यांचे पराक्रम तो आवडीने वाचून घेई. गादीवर आल्यावर ठराविक दिवशी दरबार भरवून तो गोरगरिबांचे अर्ज स्वतः ऐके, आणि त्या वेळी दरबारी मंडळींस मुकाट्याने तिष्ठत बसावे लागे. परंतु या सर्व गुणांना एका दोषाने ग्रासले होते. एकदा मनात घेतलेली गोष्ट सोडणे हा त्यास अपमान वाटे, आणि सल्ला देणारा मनुष्य त्यास शत्रूसारखा भासे.

पिता हयात असतानाच १४६५ साली त्याने इतर उमरावांसह फ्रान्सचा राजा अकरावा लुई याच्याविरुद्ध शस्त्र उचलले. मोंलेरीच्या लढाईत तो जखमी झाला, पण रणांगण त्याच्या ताब्यात राहिले. या लढाईने त्याच्या मनात आपण जन्मजात सेनापती आहोत अशी खूणगाठ बांधली गेली. पुढील वर्षी दिनां या शहराने बंड केले, तेव्हा ते जाळून बेचिराख करण्यात आले. जून १४६७ मध्ये फिलिप निवर्तला व चौतिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेला चार्ल्स ड्यूक झाला. दुसऱ्याच वर्षी इंग्लंडच्या चौथ्या एडवर्डची बहीण मार्गारेट हिच्याशी त्याचा विवाह झाला. त्या वेळी ब्रूज येथे झालेल्या सोहळ्याचा थाट पाहून सारा युरोप दिपून गेला.

आता त्याच्या प्रतिस्पर्ध्याकडे वळू. अकरावा लुई हा दिसण्यात साधा, वेषाने गबाळा, पण बुद्धीने अत्यंत कुटिल राजा होता. लोक त्यास 'कोळी' म्हणत. कारण तो जाळे विणून स्वस्थ बसे. ऑक्टोबर १४६८ मध्ये चार्ल्सचे अभयपत्र घेऊन हा राजा पेरॉन येथे बोलणी करण्यास आला. तेवढ्यात लीएज शहराने ड्यूकविरुद्ध उठाव केल्याची व त्यामागे लुईचेच हस्तक असल्याची वार्ता येऊन थडकली. चार्ल्स संतापाने बेभान झाला. वाड्याचे दरवाजे बंद झाले व फ्रान्सचा राजा त्याचा कैदी बनला. अखेर लुईने मानहानीचा तह मान्य केला व लीएजवरील स्वारीत स्वतः सामील होऊन त्या शहराचा विध्वंस पाहिला. चार्ल्सला वाटले, आपण राजास नमविले. वस्तुतः त्याने एका चतुर मनुष्यास जन्मभराचा वैरी केले होते. पेरॉनच्या त्या कठीण प्रसंगी कॉमीन नावाचा चार्ल्सचा हुशार सल्लागार हजर होता. चार वर्षांनी, १४७२ मध्ये, तोच धन्यास सोडून लुईच्या पदरी गेला.

चार्ल्सची महत्त्वाकांक्षा समजण्यासाठी त्याच्या राज्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. उत्तरेस समुद्राकाठचे नेदरलँड्सचे प्रांत, दक्षिणेस बर्गंडी, आणि या दोहोंच्या मध्ये परक्याचे लोरेन व आल्सास. हे दोन तुकडे जोडावे, फ्रान्स व जर्मनी यांच्या मध्ये एक स्वतंत्र राज्य उभारावे व आपण त्याचा राजा व्हावे, हे त्याचे स्वप्न होते. १४६९ साली ऑस्ट्रियाच्या सिगिस्मुंडने पन्नास हजार फ्लोरिन घेऊन वरच्या आल्साससह आपला काही मुलूख त्याच्याकडे गहाण टाकला. १४७१ पासून त्याने खडी फौज उभारली. तिची शिस्त, पगार, निशाणे यांचे नियम स्वतः लिहविले. १४७३ मध्ये गेल्डर्स प्रांत जिंकला. त्याच शरद ऋतूत ट्रीर येथे सम्राट तिसरा फ्रेडरिक त्यास राजपद देणार, व त्याबदली चार्ल्सची एकुलती कन्या मेरी सम्राटपुत्र मॅक्सिमिलियन यास द्यावयाची, अशी बोलणी झाली. समारंभाची तयारी झाली, आणि नोव्हेंबरातील एका पहाटे सम्राट गुपचूप नावेत बसून निघून गेला! राजमुकुट हाताशी येऊन निसटला.

येथे कोणी शहाणा पुरुष थांबला असता. चार्ल्स थांबला नाही. आल्सासमध्ये त्याने नेमलेला अंमलदार पेटर फॉन हागेनबाख याच्या जुलमाने प्रजा गांजून गेली होती. १४७४ च्या वसंतात स्वित्झर्लंडच्या लोकांनी आपला पिढीजात शत्रू सिगिस्मुंड याच्याशी समेट केला, गहाणाची रक्कम उभी राहिली व चार्ल्सने ती नाकारली. प्रजेने हागेनबाखला पकडून त्याच्यावर खटला चालविला, आणि ९ मे १४७४ रोजी ब्राइसाख येथे त्याचा शिरच्छेद झाला. युद्धकाळातील अत्याचारांच्या न्यायाचा विचार करणारे कायदेपंडित आजही या खटल्याचा दाखला देतात.

याच सुमारास कोलोनच्या आर्चबिशपच्या भांडणात पडून चार्ल्सने ऱ्हाइनकाठच्या नॉइस शहरास वेढा घातला. सुमारे अकरा महिने त्याची उत्तम फौज या एका शहरापुढे झिजत राहिली. इकडे त्याचा मेहुणा एडवर्ड ठरल्याप्रमाणे जुलै १४७५ मध्ये मोठे इंग्रज सैन्य घेऊन फ्रान्सवर उतरला, तर चार्ल्स त्याच्या भेटीस आला तो मूठभर स्वारांनिशी. एडवर्ड चकित झाला. लुईने संधी साधली. रोख पंचाहत्तर हजार व दरसाल पन्नास हजार सुवर्णमुद्रा देण्याचे कबूल करून त्याने इंग्रजांना लढाईवाचून परत पाठविले. ज्या मोहिमेने फ्रान्सचा राजा संकटात यावयाचा, ती चार्ल्सच्या हट्टापायी वाया गेली.

तरीही दैवाने त्यास एकदा शिखरावर चढविले. नोव्हेंबर १४७५ च्या अखेरीस त्याने लोरेनची राजधानी नान्सी घेतली. दोन तुकडे जोडले गेले. स्वप्न जमिनीवर उतरले. परंतु त्यास आता स्वित्झर्लंडच्या डोंगरी लोकांना अद्दल घडवावयाची होती. भर हिवाळ्यात तो निघाला. फेब्रुवारी १४७६ मध्ये ग्रांसोंचा किल्ला शरण आला, आणि आतील सुमारे चारशे शिपायांना त्याने झाडांवर फाशी दिले, काहींना सरोवरात बुडविले. या क्रौर्याचा जबाब २ मार्च रोजी मिळाला. लांब भाल्यांचे दाट व्यूह करून स्विस पायदळ चालून आले. तोफांना वाव मिळावा म्हणून चार्ल्सने आघाडी मागे घेतली. पिछाडीस वाटले, पळच सुरू झाला. इतक्यात शत्रूची दुसरी तुकडी रानातून बाहेर पडली व सारी फौज उधळली. माणसे थोडी मेली, पण तोफखाना, तंबू, सोने-चांदी, हिरे, भरजरी चित्रपट असे सारे वैभव शेतकऱ्यांच्या हाती पडले. त्यातील काही वस्तू बर्न येथील संग्रहालयात आजही आहेत.

अवघ्या साडेतीन महिन्यांत त्याने नवी फौज उभी केली व मोरा या गावास वेढा घातला. २२ जून रोजी पावसात शत्रू येणार नाही असे गृहीत धरून त्याने बहुतेक सैन्य छावणीत परत पाठविले. नेमका त्याच वेळी हल्ला झाला. मागे सरोवर, पुढे भाले. स्विसांनी कोणास जीवदान दिले नाही. काही हजार सैनिक कापले वा बुडविले गेले. या पराभवानंतर त्याने काय करावे? आपल्या पक्षाची सॅव्हॉयची डचेस हातची जाईल या संशयाने तिलाच पळवून आणविले, व उरलेला मित्रही गमावला. प्रजेच्या प्रतिनिधींनी अधिक द्रव्य देण्यास नकार दिला. ऑक्टोबरात लोरेनचा तरुण ड्यूक रेने याने नान्सी परत घेतली.

चार्ल्सने पुन्हा नान्सीस वेढा घातला. त्या वर्षीची थंडी भयंकर होती. पहारेकरी जागीच गोठून मरत. माघार घेऊन वसंतात परत यावे, असे सरदारांनी विनविले. त्याने ऐकले नाही. कांपोबासो हा त्याचा इटालियन सेनानी ऐन लढाईच्या तोंडावर आपल्या स्वारांसह शत्रूस मिळाला. ५ जानेवारी १४७७ रोजी, बर्फ पडत असता, रेने व स्विसांचे कितीतरी मोठे सैन्य बाजूच्या रानातून वळसा घालून आले. थोड्याच वेळात सर्व संपले. दोन दिवसांनी एका पोरसवदा हुजऱ्याने जागा दाखविली. परशूच्या घावाने मस्तक दुभंगलेले, चेहरा लांडग्यांनी विद्रूप केलेला. जुना व्रण, पडलेले दात व लांब नखे यांवरून त्याच्या वैद्याने त्यास ओळखले. रेनेने मात्र उदारपणे त्यास सन्मानाने पुरविले. पुढे सोळाव्या शतकात त्याचे अवशेष ब्रूज येथे नेण्यात आले. तेथील चर्चमध्ये त्याची व मेरीची समाधी शेजारी शेजारी आहे.

या शोकांतिकेचा सर्वांत करुण भाग चार्ल्सच्या मृत्यूनंतरचा आहे. मागे राहिली वयाची वीस वर्षेही पुरी न झालेली मेरी. लुईने तत्काळ बर्गंडीची जहागीर गिळली. नेदरलँड्सच्या प्रांतांनी तिच्याकडून जुने हक्क लिहून घेतले. गेंटच्या नागरिकांनी तिच्या पित्याच्या दोन विश्वासू मंत्र्यांचा, तिने केलेल्या विनवण्यांना न जुमानता, शिरच्छेद केला. ऑगस्ट १४७७ मध्ये तिने मॅक्सिमिलियनशी विवाह केला व घराण्याचा उत्तरेकडील वारसा कसाबसा राखला; पण १४८२ साली घोड्यावरून पडून तीही वारली. तिचा नातू पाचवा चार्ल्स पुढे सम्राट झाला. परंतु पणजोबाचे ते राज्य मात्र पुन्हा कधी उभे राहिले नाही.

चार्ल्स भित्रा नव्हता, आळशी नव्हता, व्यसनी नव्हता. मग तो का बुडाला? त्याने एका वेळी सर्वांशी वैर धरले, शरण आलेल्यास दया दाखविली नाही, खजिन्याचा ठाव पाहिला नाही, आणि हिताचे बोलणाऱ्यास जवळ टिकू दिले नाही. चार पिढ्यांनी मिळविलेले वैभव दहा महिन्यांच्या तीन लढायांत गेले, आणि त्याचे मोल एका निरपराध मुलीने फेडले. वडिलार्जित वैभव ही पुढील पिढीची ठेव असते. ते वाढविण्याची ईर्ष्या अवश्य असावी, पण कोठे थांबावे हे सांगणारा वडीलधारा वा स्नेही घरात असावा व त्याचे ऐकण्याची बुद्धीही असावी. चार्ल्सच्या पदरी सर्व काही होते. एवढे एकच नव्हते.